रविवारी उतरणारं दुखणं

१

भावोजी त्यांच्या कचेरीतल्या खुर्चीतच गेले. टेबलावर हातांची घडी, हातांवर डोकं, दुपारची डुलकी लागावी तसे. सकाळी दार उघडणाऱ्या सहकाऱ्याने आधी "सर" म्हणून हाक मारली, मग खांद्याला हात लावला, आणि मग तिथेच खुर्चीशी तो मटकन खाली बसला.

मला फोन आला तो फौजदाराचा. हा माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा. पोरगा कसला म्हणा, आता टक्कल पडलंय त्याला.

"साहेब, तुमचे मेहुणे..." एवढं बोलून तो थांबला. असं थांबायला मीच त्याला शिकवलं होतं. वाईट बातमी देताना आधी नातं सांगायचं आणि गप्प बसायचं, पुढचं समोरचा ओळखतो. मीही ओळखलं.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ताई गेल्यापासून एकटेच राहायचे, स्वतःचं स्वतः करायचे आणि दिवसभर कचेरीत बसून एक कोश करायचे. मनाच्या अवस्थांना इंग्रजीत जे शब्द आहेत ते एकमेकांत कसे गुंतलेत आणि मराठीत ते वेगळे कसे करायचे, असा तो कोश. मी एकदा चेष्टेने म्हटलं होतं, "आम्ही चौकीत एकाच शब्दात भागवतो, भावोजी. टेन्शन." त्यावर ते मनापासून हसले आणि म्हणाले, "तुमच्या शब्दाला स्वतंत्र पान देतो."

इस्पितळाच्या व्हरांड्यात बेबी बसली होती. बेबी ही त्यांची एकुलती एक लेक. चाळिशी उलटली, स्वतःची पोरं खांद्याला लागली, तरी आमच्या घरात ती बेबीच.

"मामा, ते किती बरे दिसतायत बघ ना. गाल कसे लालसर आहेत. मला वाटलं हाक मारली तर उठतील."

मी बघितलं. चेहऱ्यावर खरंच तजेला होता. मनात कुठेतरी काहीतरी खुटखुटलं, पण ताईचा नवरा समोर असा पडलेला असताना मी काही पोलीस नव्हतो. चादर सारखी केली आणि बाहेर आलो.

बेबी एकटक जमिनीकडे बघत बोलत होती. "काल संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, 'मला न्यायला येतेस का गं, पाय उचलत नाहीयेत.' मी म्हटलं, 'बाबा, रविवारी तर माझ्या पोरांबरोबर गच्चीवर पळत होतात. नाटकं करू नका, गाडी करा आणि घरी जा.' नाटकं म्हणाले मी, मामा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात फौजदार आला, मला बाजूला घ्यायला निघाला, पण बेबी उठून उभी राहिली. "माझ्यासमोर सांगा. माझे वडील आहेत ते."

त्याने नाइलाजाने प्लास्टिकच्या पिशवीतलं एक कार्ड पुढे धरलं. भावोजींच्या हाताखाली सापडलेलं. अक्षर त्यांचंच, पण डगमगतं.

आता कशाचंच काही वाटत नाही. आनंद नाही, दुःखही नाही. आतलं सगळं विझल्यासारखं झालंय.

"आणि साहेब, खणात गोळ्यांची रिकामी पाकिटं मिळाली," फौजदार हळूच म्हणाला.

बेबीने कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि भिंतीला टेकून म्हणाली, "माझ्यामुळे."

२

रडणाऱ्या माणसाला समजावता येतं. बेबी रडतच नव्हती. त्याचीच मला भीती वाटली आणि मी फौजदाराला म्हटलं, "चल, कचेरी दाखव मला."

"साहेब, व्हिसेराचा अहवाल यायला वेळ लागेल, पण प्रकरण सरळ दिसतंय. बायको गेलेली, एकटा माणूस, फ्रस्ट्रेशन..."

"कार्ड पलटून बघितलंस?"

त्याने पिशवी उलटी केली. दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात एक इंग्रजी शब्द होता: ॲपथी.

"ही चिठ्ठी नाही रे बाबा. कोशाचं कार्ड आहे. पुढे शब्द, मागे त्याचं उदाहरण. आणि उदाहरण ऐकीव नको, स्वतः अनुभवलेलं हवं, असा भावोजींचा दंडक होता."

"म्हणजे मनातलंच लिहिलं ना, साहेब?"

पोरगं अगदीच वाया गेलेलं नव्हतं. मनातलंच लिहिलं होतं, ते मलाही नाकारता येईना.

कचेरी म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरची मोठी, रस्त्याला लागून. दार उघडलं की थंडीचा झोत थेट आत. टेबलांवर कार्डांचे छोटे छोटे गठ्ठे आणि प्रत्येक गठ्ठ्यावर नदीतला एकेक गुळगुळीत गोटा. ही इथली जुनी रीत. ज्या शब्दांची लोक गल्लत करतात त्यांना हे 'जुळे' म्हणायचे. फरक नक्की ठरेपर्यंत जुळी कार्डं एकाच दगडाखाली राहायची, ठरला की दगड उचलायचा.

आतली खोली भावोजींची. लहान, उबदार असणार एरवी. एकुलती एक खिडकी पुस्तकांच्या कपाटाने झाकलेली. कोपऱ्यात भिंतीला गॅसचा हीटर, त्याच्या वरच्या रंगावर काळपट झाक. सिलिंडर संपून हीटर विझलेला होता. छताजवळ एक चौकोनी जाळी. टेबलावर कार्डांचे गठ्ठे नीट मांडून ठेवलेले आणि इथले दगड मात्र सगळे काचेच्या एका वाडग्यात. भिंतीवर कचेरीतल्या मंडळींचा फोटो होता. मधे भावोजी हसताहेत, एका बाजूला उपसंपादक बाई, दुसऱ्या बाजूला गळ्याला तपकिरी मफलर गुंडाळलेला एक किडकिडीत म्हातारा, मागे प्रकाशक.

मी खण उघडला. गोळ्यांची रिकामी पाकिटं खरंच होती, पण ती झोपेच्या गोळ्यांची नव्हती. डोकेदुखीच्या साध्या गोळ्या, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या. एकदम घेतलेल्याही नसाव्यात. काही पाकिटांचा कागद जुना होऊन चुरगळला होता.

"रोज डोकं दुखायचं वाटतं यांचं," मी म्हटलं.

"दुखायचं," मागून आवाज आला. दारात उपसंपादक बाई उभ्या होत्या. "आणि माझंही दुखायचं, या खोलीत आले की. पण त्याचं कारण मला माहीत आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही."

३

बाई पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं तासून काढलेलं. बाहेरच्या खोलीत त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"आमचं पटत नव्हतं. हल्ली तर रोज वाद. सरांच्या कार्डांत चुका व्हायला लागल्या होत्या. एन्व्ही आणि जेलसी यांची कार्डं त्यांनी अदलाबदल करून ठेवली. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याला हवंसं वाटणं वेगळं, आणि आपल्याकडे आहे ते दुसरा नेईल ही धास्ती वेगळी. हा फरक मला त्यांनीच शिकवला होता. मी चूक दाखवली तर माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी ओरडले. आत जाऊन ओरडायचे, डोकं धरून बाहेर यायचे. म्हणून मग आत जाणंच सोडलं."

"त्यांची खुर्ची तुम्हाला मिळणार होती ना?"

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हो. म्हणजे तुमच्या हिशेबात मला एन्व्ही. पण साहेब, मला ती खुर्ची नको होती. त्या खुर्चीतला माणूस पहिल्यासारखा हवा होता." आणि मग त्यांचा आवाज फाटला. तासून काढलेलं बोलणं असं फाटलं की ऐकवत नाही.

मी विचारलं, "त्यांना झालं काय होतं, तुमच्या मते?"

"डिप्रेशन. मी तेच म्हणत होते."

"म्हणजे दुःख?"

"नाही हो. तिथेच तर सगळे घसरतात. दुःखाला कारण असतं, ते रडून थोडं हलकं होतं, कुणी जवळ बसलं की बरं वाटतं. डिप्रेशन मुक्कामाला येतं. कारण असो नसो, हलत नाही."

"आणि ॲपथी?"

"तो स्वल्पविरामांचा शब्द. आमचे मुद्रितशोधक. आम्ही दोघं त्यावरून भांडायचो. ते म्हणायचे, सर दुःखी नाहीत, त्यांना काही वाटेनासंच झालंय. डिस्पेअरमध्ये माणसाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळणार नाही अशी त्याची खात्री पटलेली असते. ॲपथीत हवंसंच वाटत नाही."

मी मनातल्या मनात बेबीला सांगून टाकलं, ऐकलंस? ज्याला काही हवंसंच वाटत नाही, तो संध्याकाळी लेकीला फोन करून 'न्यायला ये' कशाला म्हणेल? त्याला घरी जायचं होतं. पण एवढ्याने फौजदाराचं समाधान होणार नव्हतं, आणि बेबीचं तर नाहीच.

"वरच्या मजल्यावर जाऊन या," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "प्रकाशकांकडे तिसराच शब्द आहे. सरांना इथून घालवायला त्यांनी तो सोयीने शोधला होता."

४

प्रकाशक गोलमटोल, गोडबोले. मी न विचारताच त्यांनी हात वर केले.

"काढणार होतो, कबूल करतो. पण प्रेमाने. डिमेन्शिया होता हो त्यांना. एकदा मला माझ्याच ऑफिसात विचारलं, 'आपण कोण?' कोश रखडला, चुका वाढल्या. मी डॉक्टर नाही, पण माझे वडील याच वाटेने गेले. मला ती वाट चांगली ओळखू येते."

"हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा ते कुठून आले होते?"

"खालून. सबंध दिवस आत बसून होते, जिना चढून आले, धापा टाकत. थोड्या वेळाने, गंमत बघा, खिडकीशी उभे राहिले आणि ओळखलं मला. हसले. म्हणाले, 'अहो, मी कुठे गेलो होतो?'" प्रकाशकांचाही चेहरा पडला. "वडील माझे एकदा गेले ते परत असे आले नाहीत कधी."

खाली आलो तर स्वल्पविराम आपल्या टेबलाशी येऊन बसले होते. सकाळी दार उघडणारे तेच. त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणायचे, कारण बोलताना जिथेतिथे थांबायचे. फोटोतला किडकिडीत म्हातारा तो हाच. दाराच्या अगदी तोंडाशी बसलेला, कॉलर एका हाताने गळ्याशी धरून, अधूनमधून खोकत.

"सर, माझे, सर नव्हते," ते म्हणाले. "मित्र होते, म्हणजे, ते मानायचे. मी शिकलेला कमी. त्यांनी मला इथे आणलं."

"शेवटी शेवटी कसे होते?"

"दुपारपर्यंत ठीक. मग, मंद. बोललं तर ऐकायचे, पण, पोचायचं नाही. थंडी सुरू झाल्यापासून जास्त. मी आपला, दार घट्ट लावून घ्यायचो त्यांचं. हीटर मोठा करून ठेवायचो. म्हातारं हाड, गारठा नको."

"आणि सोमवारी सकाळी?"

माझा प्रश्न त्यांना कळला नाही. मी पुन्हा विचारला, आठवड्याची सुरुवात कशी असायची?

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "सोमवारी, छान! लेकीकडून यायचे ना. नातवंडांच्या गमती सांगायचे. सोमवारी तर, आम्हाला आमचे सर मिळायचे."

मी तसाच बाईंकडे वळलो. "बाई, जो गोंधळ येतो आणि जातो, त्याला काय म्हणता? डिमेन्शियाच?"

"नाही. डिमेन्शिया हळूहळू उतरणीला लागतो. तो काही रविवारी सुट्टी घेत नाही." बोलता बोलता बाई थबकल्या. "येतो-जातो तो डिलिरियम. तो मनाचा आजार नसतोच मुळात. ताप, औषध, विष... काहीतरी बाहेरून आलेलं असतं आणि ते मनाला झाकोळून टाकतं."

"विष," फौजदार माझ्यामागे पुटपुटला.

५

फौजदाराच्या डोळ्यांसमोर लगेच चहाचे कप नाचायला लागले असणार. कोण चहा देतं, डबा कुठून येतो, असे प्रश्न त्याने सुरूही केले. मी त्याला अडवलं नाही. मी आतल्या खोलीत जाऊन भावोजींच्या खुर्चीत बसलो.

ताई असती तर म्हणाली असती, बसलास का हातपाय गाळून? मी हातपाय गाळले नव्हते. मला फक्त त्यांना जे दिसायचं ते बघायचं होतं. रविवारी लेकीच्या गच्चीवर पळणारा माणूस सोमवारी सकाळी हसतो, दुपारनंतर मंदावतो. वरच्या मजल्यावर उघड्या खिडकीशी उभं राहिलं की शुद्धीवर येतो. आणि ज्या बाई ठणठणीत, त्यांचंही डोकं याच खोलीत दुखतं. बाईंना वाटलं भांडणामुळे. दुखणं जर सुट्टीच्या दिवशी उतरत असेल, तर ते माणसात नसतं, कचेरीत असतं.

आणि गाल. त्या गुलाबी गालांनी सकाळपासून मला टोचणी लावली होती. नोकरीत असताना असे गाल मी बघितले होते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या एका कुटुंबाचे. गॅस नीट जळला नाही की वास नसलेला, रंग नसलेला वायू होतो. आधी डोकं दुखतं, मग पाय जड होतात, मग काही वाटेनासं होतं. तो माणसाला झोपवतो आणि वर त्याचा चेहरा ताजातवाना ठेवून जातो.

मी फौजदाराला हाक मारली. "हीटरच्या वरची काजळी बघ. हा हीटर नीट जळत नव्हता."

"पण साहेब, वर हवेला झरोका आहे की. जाळी दिसतेय."

दिसत होती. तिथेच माझं गाडं अडलं. झरोका असताना वायू साठेल कसा?

माझा हात टेबलावर फिरत होता. कार्डांचे गठ्ठे, एकाही गठ्ठ्यावर दगड नाही. बाहेरच्या खोलीत दगड उचलला तर कार्डं उडून जातात. मी वाडग्यातले गोटे बघितले. त्यांच्यावर धुळीचा थर होता.

"बाई, इथे दगड का नाही ठेवत?"

"पूर्वी ठेवायचे. त्या झरोक्यातून वारा यायचा ना, सरळ सरांच्या टेबलावर. यंदा थंडीत दगड लागेनासेच झाले. सर गमतीने म्हणायचे, यंदा वारा रजेवर गेलाय."

फौजदाराने स्टूल ओढलं, वर चढला, जाळी हलवली. जाळी सहज हातात आली. आत हात घालून त्याने काहीतरी ओढायला सुरुवात केली. ते येतच राहिलं, लांबलचक, लोकरीचं, काजळीने माखलेलं. त्याने ते झटकलं तेव्हा काळ्याखालचा तपकिरी रंग दिसला.

मी फोटोकडे बघितलं. फोटोतल्या गळ्यात तो होता. बाहेर दाराशी बसलेल्या, कॉलर मुठीत धरून खोकणाऱ्या गळ्यात मात्र नव्हता.

६

मी मफलर गुंडाळून कोटाच्या आत घातला. का, ते मला सांगता येणार नाही. पोलीस पुरावा लपवत नाही, हे याच फौजदाराला मी घसा फोडून शिकवलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि जाळी खाली ठेवत स्टुलावरून उतरला.

बाहेर बेबी आली होती. वडिलांच्या वस्तू न्यायला. ती आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, खुर्चीकडे बघत.

"बेबी, ऐक," मी म्हटलं. "बाबांनी जीव दिला नाही. या खोलीतल्या हीटरने घात केला. हवा यायची जागा बंद झाली होती. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. त्यांना घरी यायचं होतं."

ती दारातून खुर्चीपाशी आली. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि सकाळपासून न रडलेली ती पोर खुर्चीच्या पाठीला धरून रडायला लागली. मीही रडलो. लपवायचं कशाला.

"बंद कशाने झाली?" रडणं ओसरल्यावर तिने विचारलं.

"कचरा," मी म्हटलं.

"नाही," मागून आवाज आला. स्वल्पविराम दारात उभे होते. त्यांना काढलेली जाळी दिसली होती, आणि वरचा उघडा काळा चौकोन. त्यांचा चेहरा असा झाला होता की तसा मी कुठल्याही गुन्हेगाराचा बघितलेला नाही. "कचरा नाही. माझा मफलर. मी, घातला. थंडी सुरू झाली तेव्हा. त्यांच्या मानेवर, वारा यायचा."

म्हाताऱ्याचा हात आपल्या मोकळ्या गळ्याकडे गेला.

"सारखी मान चोळायचे. सांगितलं असतं तर, घालू दिला नसता, म्हणाले असते, तुझ्या गळ्याला लागतो. म्हणून, ते येण्याआधी चढलो. मग आले, बसले, म्हणाले, 'अहो, आज वारा कुठे गेला?' मी म्हटलं, 'माहीत नाही, सर.' आणि मला, इतका आनंद झाला होता, पोरी."

बेबी ताडकन वळली, त्यांच्या बाजूने निघून बाहेरच्या खोलीत गेली. रस्त्याकडचं दार उघडल्याचा आवाज आला. म्हातारा तिथेच उभा. बाईंनी तोंडावर हात धरलेला. मला त्या दोघांचा राग आला, खरं सांगतो. इतकी बुद्धीची माणसं, समोर माणूस हातातून निसटत होता आणि ही त्याला शब्द कोणता लावायचा यावर भांडत होती. प्रत्येकाचा शब्द थोडा थोडा जुळत होता, म्हणून एकालाही दार उघडं ठेवावंसं वाटलं नाही. पण त्या म्हाताऱ्याकडे बघितलं आणि माझा राग कुठच्या कुठे गेला.

बेबी परत आली. डोळे लाल, चेहरा गारठलेला. येताना बाहेरच्या दाराजवळच्या टेबलावरची दोन कार्डं तिच्या हातात होती, दगडासकट.

"दाराजवळच्या टेबलावरची जुळी अजून ठरली नाहीत, असं बाबा मागच्या रविवारी म्हणाले होते. काय आहेत ही?"

बाईंनी वाचलं. "रिग्रेट आणि रिमॉर्स."

"माझं कुठलं?" बेबीने विचारलं. "मी त्यांना नाटकं करू नका म्हणाले. मी गेले असते तर ते आज जिवंत असते. माझ्यामुळे काही झालं नाही असं मामा म्हणतो, पण हे तर खरंच आहे. मग माझं कुठलं? आणि यांचं?"

बाईंनी कार्डं हातात घेऊन पलटून बघितली. त्या इतकी वर्षं दुसऱ्यांचे फरक सांगत आल्या होत्या.

उत्तर दिलं स्वल्पविरामांनी, जमिनीकडे बघत. "कार्डावर नाही. पण सर बोलले होते, एकदा. म्हणाले, रिमॉर्स म्हणजे, वाईट करायचं म्हणून केलं, त्याची टोचणी. त्याला, माफी लागते. रिग्रेट म्हणजे हळहळ. प्रेमाने केलं, किंवा नकळत, आणि असं व्हायला नको होतं. त्याला माफी देऊन, उपयोग नसतो. त्याला, सोबत लागते."

"मग ठरलं नव्हतं का?" बेबीने विचारलं.

"मी म्हटलं होतं, सर, इतकं सरळ नसतं. म्हणून, दगड राहिला."

झरोका आता मोकळा होता. त्यातून वारा आला, या खोलीत किती दिवसांनी आला असेल, आणि भावोजींच्या टेबलावरची बिनदगडांची सगळी कार्डं एकदम उडाली. खुर्चीखाली, कपाटामागे, आमच्या पायांत. फौजदारासकट आम्ही सगळे खाली वाकून ती गोळा करायला लागलो. शब्द सगळे मिसळून गेले होते. बाई एरवी किंचाळल्या असत्या. आता कार्डं उचलून नुसत्या छातीशी धरत होत्या.

पुढे अहवाल आला, त्यात तोच वायू निघाला, आणि फौजदाराने नोंद अपघात अशी केली. मफलर मी त्याच दिवशी त्याच्या हातात दिला होता. त्याने तो पिशवीत घालताना धूळ झटकावी तसा हळूच झाडला, तेवढं मला आठवतं.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. कार्डं गोळा करून झाल्यावर स्वल्पविराम भावोजींच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले, बरोबर झरोक्याखाली. मोकळ्या गळ्यावर वारा येत होता आणि त्यांना भान नव्हतं. बेबी वाडग्यातले दगड पुसून एकेका गठ्ठ्यावर ठेवत होती. ठेवता ठेवता ती थांबली. तिने वर झरोक्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या मानेवर वारा येतोय. इकडे सरका." आणि आपल्याजवळची खुर्ची तिने त्यांच्यासाठी ओढली.